अर्ध्या गोष्टीचा हुंकारा

१

हार्ड डिस्क मेली तेव्हा मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि दुसऱ्याच दिवशी क्लाउडवर जागा विकत घेतली. रडत बसायचा माझा स्वभाव नाही. नंदुरबारात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे पुष्कळ आहेत. पण नवरदेवाच्या मामाला भर मांडवात "तुम्ही कॅमेऱ्यापुढून हला, नाहीतर मी घरी चालले" असं तोंडावर सांगणारी निशा एकच, हे कुणीही सांगेल.

माझा स्टुडिओ म्हणजे घराची वरची खोली. एक कॉम्प्युटर, एक कपाट, जमिनीवर सतरंजी, आणि खिडकी. खिडकीतून गावाबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या दिसतात, लालभडक. वारा फिरला की अख्खी गल्ली शिंकते आणि खोकते. नवरा, ईश्वर, सुरतला नोकरीला, शनिवारच्या गाडीने येतो. खाली सासूबाई असतात, निर्मलाबाई. त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून त्या जिना चढत नाहीत. मी खिडकीतून दोरीला पिशवी सोडते, त्या पिशवीत चहाची किटली आणि कप ठेवतात, मी ओढून घेते. चहा वर येतो तसा गल्लीचा समाचारही वर येतो. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची म्हैस आटली. मी कामात गप्प झाले की समाचार तिथेच थांबतो आणि खालून गर्जना होते.

"हुंकारा दे ना वं! मी काय भिंतले सांगी ऱ्हायनू का?"

"हां माय, आयकी ऱ्हायनू," असं म्हणायचं. मग गाडी पुढे सुरू.

तर क्लाउड. ईश्वरने फोनवरून सगळं सांगितलं. ॲप डाउनलोड कर, खातं जोड, कुठलं फोल्डर वर जाऊ द्यायचं त्यावर टिचकी मार, झालं. इथे काही बदललं की तिथे आपोआप बदलेल, इथलं जळालं तरी तिथलं राहील. सासूबाईंना समजावलं तर म्हणाल्या, "लोनचानी बरनी शेजारीनकडे ठेवानी, तसं ना?" म्हटलं, अगदी तसंच.

सगळ्यात आधी मी एकच फोल्डर जोडलं. त्याचं नाव 'धनुबाई'. मेलेल्या डिस्कमधून लग्नं गेली, बारशी गेली, त्याचं दुःख नाही. हे फोल्डर पेन ड्राइव्हवर होतं म्हणून वाचलं होतं, आणि ते पुन्हा जाऊ द्यायला मी तयार नव्हते.

२

धनुबाई डोंगरातल्या मोलगीच्या पलीकडल्या पाड्यावरची. तिच्याकडे एक गोष्ट होती. हिवाळ्यात संध्याकाळी जेवणं झाली की शेगडीपाशी बसून ती सांगायची, रोज थोडी थोडी, होळीच्या आत संपवायची. तिच्या घरातच चालत आलेली गोष्ट, आईकडून लेकीकडे. मोलगीच्या बाजारात तिची-माझी ओळख झाली, तिने मला घरी बोलावलं, आणि मी रेकॉर्डर घेऊन एक अख्खा हिवाळा जीपने ये-जा केली. पैशासाठी नाही. आवाज ऐकला आणि वेड लागलं, बस्स.

तिचा नवरा उखा शेजारी बसून हुंकारा द्यायचा. तिच्या प्रत्येक वाक्यानंतर एक "हं", आणि त्याआधी तंबाखूचा खोकला. खों, खों, हं. घरी येऊन मी ते सगळे खोकले आणि सगळे हुंकार एकेक करून कापले. आवाज कसा स्वच्छ, नितळ झाला म्हणून स्वतःची पाठ थोपटली. धंद्यात तेच शिकवतात, बोलणाऱ्याचं ठेवायचं, बाकीचं काढायचं. मूळ रेकॉर्डिंग त्या डिस्कवर होतं, ते डिस्कबरोबर गेलं.

गोष्टीचा शेवट राहिला होता तेव्हा उखा गेला. पुढल्या हिवाळ्यात मी पुन्हा गेले. धनुबाई शेगडीपाशी बसली. तीन वाक्यं बोलली. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून थांबली. मी कानाला हेडफोन लावून समोर बसलेले. रेकॉर्डिंग चालू असताना आपण तोंड उघडायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. तिने माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. शेवटी मी बटण बंद केलं.

त्या पावसाळ्यात धनुबाई गेली. तिची लेक रुपा तेव्हा गुजरातेत कामाला होती, तिला निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दिवाळीनंतर रुपा माझ्याकडे आली. खालीच बसली, चहाला हात लावला नाही.

"ताई, शेवट आहे का तुमच्याकडे?"

"तीन वाक्यं आहेत गं. पुढे त्या बोलल्याच नाहीत."

"लहान होते तर शेवट यायच्या आधी मला झोप लागायची. मोठी झाले तर हॉस्टेलला. मग कामाला. आता घरात सांगणारी मीच, आणि शेवट मला माहीत नाही." मग म्हणाली, "आमच्यात म्हणतात, अर्धी गोष्ट ठेवून सांगणारा उठत नाही. आई उठली नाही अजून, ताई."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. म्हटलं, असेल ते सगळं जपून ठेवते.

३

फोल्डर जोडलं त्या दिवशी एकेका फाइलपुढे हिरवी खूण येत गेली. हिरवी खूण म्हणजे वर पोचली, काळजी नको. फक्त एका फाइलपुढे दोन बाण गोल फिरत राहिले. 'शेवटचा भाग'. म्हटलं, नेट रडतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावला तर बाण फिरतच होते, आणि खाली लिहिलं होतं की फाइल बदलली आहे, नवी प्रत वर जात आहे. मी तर तिला हात लावला नव्हता. उघडून बघितली. ती लांब झाली होती.

हेडफोन लावला. धनुबाईची तीन वाक्यं आली. मग ती गप्प झाली ते आलं. मग मी बटण बंद केल्याची खट् आली. तिथे फाइल संपायची, मला पक्कं ठाऊक होतं.

खट् झाल्यानंतरही ती चालूच राहिली. कुणीतरी श्वास घेत होतं, सावकाश. मधूनच बांगड्या किणकिणत होत्या. बोलणं काही नव्हतं. कुणीतरी नुसतं बसलेलं होतं.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. रेकॉर्डरने जुनं काहीतरी चिकटवलं असेल. पेन ड्राइव्ह खराब असेल. कुणी खात्यात शिरलं असेल. हे शेवटचं मला पटलं, कारण त्यात कुणालातरी शिव्या घालता येत होत्या. खात्याला कोणकोणती मशीन जोडली आहेत ते मी उघडून पाहिलं. यादीत एकच नाव होतं. हाच कॉम्प्युटर. बदल इथूनच झालेले.

मी पुन्हा ऐकत बसले. श्वास, बांगड्या, श्वास. आणि मग लांबून, खालून आल्यासारखी, एक ओळखीची हाक.

"निशा, पिशवी सोड वं! चहा थंडा हुई ऱ्हायना!"

ही हाक सासूबाईंनी मला त्याच सकाळी मारली होती. धनुबाईने जन्मात नंदुरबार पाहिलं नव्हतं. आणि माझा माइक कपाटात होता, वायर गुंडाळून ठेवलेला.

हेडफोन काढला. मागे वळून बघितलं. खोली होती तशी होती. सतरंजीवर ऊन पडलं होतं आणि ऊन पडलेल्या जागी सतरंजी जराशी दबली होती. सतरंज्या दबतातच, मी स्वतःला सांगितलं.

खालून चहाची हाक आली. मी पिशवी सोडली, ओढून घेतली. आत किटली होती आणि दोन कप.

"माय, दोन कप काब्र?"

"अय, पाव्हनी शे ना वर! सकाळपाईन बठेल शे बिचारी. बांगड्या वाजी ऱ्हायन्यात ना तिन्हा."

४

मी नेट बंद केलं. ॲपला थांब म्हणून सांगितलं. बाण थांबले, पण फाइल लांब होतच राहिली. कॉम्प्युटरची वायर उपटून मी सरळ बाजारात निघून गेले, गरज नसताना कोथिंबीर घेतली, भाजीवालीशी भांडले. भांडल्यावर जरा बरं वाटलं. घाबरले होते, ते कबूल करते. पण त्याहून जास्त राग आला होता. माझ्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरमध्ये, मला न विचारता हे काय चाललंय?

संध्याकाळच्या आत परत आले, वर गेले, वायर लावली, नेट आणि ॲप पुन्हा चालू केलं. यावेळी हेडफोनऐवजी स्पीकर लावला. श्वास आणि बांगड्या खोलीभर झाल्या. खाली सासूबाई खिडकीपाशी येऊन समाचार सांगू लागल्या. तापीबाईच्या नातवाला मुलगी बघायला नवापूरला गेले होते, पोल्ट्रीवाले आहेत, पोरगी गोरी आहे, पण... आणि थांबल्या.

माझं लक्ष कुठे होतं? मी स्क्रीनकडे डोळे लावून बसले होते.

"हुंकारा दे ना वं!"

मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. अगं बाई! एवढी साधी गोष्ट, आणि मी शहाणी मशीन तपासत बसले होते. तीन वाक्यं बोलून ती थांबली होती. माझ्याकडे बघत होती. मी नियम पाळत बसले होते.

मी स्क्रीनकडे तोंड केलं. नाही, खोटं कशाला बोलू, मी सतरंजीकडे तोंड केलं. आणि म्हटलं,

"हं."

बाण फिरायला लागले. फाइल एका वाक्याने वाढली. मी ते वाजवलं. धनुबाईचा आवाज होता, बसका, भरलेला, अजिबात घाई नसलेला. तिची बोली मला बाजारापुरतीच कळते, पण 'गाठोडं' एवढं कळलं.

मी खुर्चीतून उठताना पडले, उठले, आणि हसत सुटले. काय वाटलं ते कसं सांगू? अंगावर काटा आणि पोटात आनंद, दोन्ही एकदम. मग रुपाला फोन लावला.

"ऐक, मिळेल ती जीप पकड. आई थांबली आहे तुझी."

ती एवढंच म्हणाली, "निघाले."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी रुपा आली. तिने काही विचारलं नाही. खोलीत आली, सतरंजीकडे बघितलं, आणि ऊन पडलेली जागा सोडून कडेला बसली. मी तिला सगळं समजावलं, तिने मान हलवली. आम्ही सुरुवात केली.

मी फाइल वाजवायची. धनुबाई एक वाक्य बोलायची. रुपा म्हणायची "हं", मी म्हणायची "हं". बाण फिरायचे. पुढचं वाक्य. ते मी वाजवायची, रुपा मला मराठीत सांगायची. सुईत दोरा ओवावा तसं, हळूहळू.

गोष्ट अशी होती. डोंगरात धान्य संपतं म्हणून आई लेकीला खाली सपाटीवर पाठवते आणि म्हणते, तू येईपर्यंत मी उंबऱ्यावरून हलणार नाही. लेक कुठे कुठे अडकते, तेच सगळं हिवाळाभर चालायचं. माझ्याकडची ती तीन वाक्यं अशी: लेक डोंगराच्या पायथ्याशी आली. तिचे केस पिकले होते. वर उंबऱ्यावर आई बसलेलीच होती.

आता पुढचं येत होतं.

"लेकीने डोक्यावरचं गाठोडं उतरवलं," रुपा म्हणाली. "हं."

"हं," मी म्हटलं.

"आईने विचारलं, कोण गं? हं."

आणि लाइट गेली. आमच्या महावितरणला वेळकाळ कळत नाही. यूपीएस पीं पीं ओरडायला लागला. तो म्हातारा आहे, चहा उकळेपर्यंतही दम धरत नाही. नेटचा डबा बंद पडला, मी मोबाइलचं नेट जोडलं. तोंडात शिव्या होत्या.

"थांबू नकोस," मी रुपाला म्हटलं. "वाक्य वर पोचलं तरच खरं. चल, बोल!"

"लेक म्हणाली, मी गं, धान्य आणलंय. हं."

"हं!"

"आई म्हणाली, उशीर केलास."

इथे रुपा अडकली. ओठ हलले, पण हुंकार फुटेना. पावसाळ्यात न पोचलेली पोर ती, तिच्या छातीवर काय आलं असेल? मी एकटीने "हं" म्हटलं. बाण हलले नाहीत. पुन्हा म्हटलं. यूपीएस पीं पीं करतच होता. मला कळलं की हा हुंकार माझा चालणार नाही. "रुपा," मी ओरडले, "रुपा, बाई, दे ना!"

तेवढ्यात जिन्यावर धाप ऐकू आली. कठडा धरून, एकेक पायरी चढत, सासूबाई दारात उभ्या राहिल्या. गुडघेदुखीची सगळी वर्षं त्यांच्या तोंडावर दिसत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कॉम्प्युटरकडे बघितलं नाही. सरळ सतरंजीच्या त्या जागेकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"हां माय, मंग? सांग, आम्ही आयकी ऱ्हायनूत." मग रुपाकडे वळल्या. "अय पोरी, माय बोली ऱ्हायनी तुन्ही. हुंकारा दे तिले."

रुपाच्या गळ्यातून आवाज निघाला. रडणं आणि "हं" एकाच वेळी.

बाण फिरले. मी वाजवलं.

"लेक म्हणाली, वाट सापडत नव्हती. हं."

"हं!" "हां माय!"

"आई म्हणाली, सापडली ना? मग उशीर कसला. हं."

"हं!" "हां माय, खरं शे!"

आम्ही तिघी आता ओरडतच होतो. खालून जाणारं कुणी ऐकत असतं तर त्याला वाटलं असतं, वर भांडण पेटलंय. मला इतकं छान वाटत होतं की भीती कुठे गेली कळलं नाही. पुढचं वाक्य आलं आणि रुपाने ते सांगितलंच नाही, सांगायची गरज पडली नाही, एवढी बोली मलाही कळते.

आता या जागेवर तू बस. मी उठते.

"हं," आम्ही तिघी म्हणालो.

बाण एकदा गोल फिरले आणि यूपीएसने मान टाकली. स्क्रीन काळी झाली.

खिडकीतून दुपारचा उजेड येत होता, म्हणून काळ्या काचेत खोली दिसत होती. मी दिसत होते. रुपा दिसत होती, तोंडावर पदर धरलेली. दारात सासूबाई. आणि मध्ये, सतरंजीवर, कुणीतरी जमिनीला हात टेकवून उठत होतं. मला दिसला तो हात, मनगटावर जाड कडं असलेला, आणि वाकलेला गुडघा. ती एकटीने उठत नव्हती. तिला उठवायला कुणीतरी हात दिला होता. तो हात आमच्या तिघींपैकी कुणाचा नव्हता.

बांगड्या जिन्यावरून खाली गेल्या. सासूबाई बाजूला सरकल्या, वाट दिली, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

६

लाइट आली. मी आधी देवाचं नाव घेतलं, मग कॉम्प्युटर लावला. 'शेवटचा भाग', पुढे हिरवी खूण. पोचला! मी टेबलावर हात आपटला. रुपाने मला मिठी मारली. सासूबाई, "माले खाल कोन उतारी?" म्हणाल्या, आणि आम्ही त्यांना दोन्हीकडून धरून खाली उतरवलं. वाटेत तिघी हसत होतो. त्या संध्याकाळी पुरणपोळी झाली, सण नसताना.

नंतर फाइल सलग ऐकली. धनुबाई बोलते, आणि आमचे हुंकार आहेत. रुपाचा, माझा, सासूबाईंचा "हां माय". आणि आमच्या आधी, प्रत्येक वाक्यानंतर, एक तंबाखूचा खोकला आणि एक "हं". माझ्या डोक्याने लगेच सांगितलं, मिरचीचा वारा असेल, गल्लीत कुणी खोकलं असेल. मी डोक्याला गप्प बस म्हटलं.

डोंगरातल्या काठी गावची होळी जवळ आली होती. त्याच्या आधी रुपाने पाड्यावर, आईच्या जागेवर बसून, गोष्ट सांगितली. अख्खी. मी गेले होते. रेकॉर्डर चालू होता आणि मी नियमबियम चुलीत घालून सगळ्यांत मोठ्याने हुंकारा दिला. शेवटचं वाक्य झालं तेव्हा रुपाच्या मांडीवरची तिची पोर जागी होती. डोळे टक्क उघडे ठेवून ऐकत होती. मला तेव्हा जे वाटलं ते लग्नाच्या कुठल्याही व्हिडिओत मी पकडू शकले नाहीये.

ही सगळी हकीकत मी आता वरच्या खोलीत बसून, दुपारच्या उजेडात, माइक लावून बोलते आहे. बॅकअप ठेवायची सवय लागली म्हणून. फोल्डर जोडलेलं आहे. खोलीत मी एकटी आहे. सासूबाईंनी आज पिशवीत तीन कप ठेवले, मी त्यांना काही विचारलं नाही.

पहिलं वाक्य बोलून मी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा मागून खोकला आला. मग "हं". मी वळले नाही. पुढचं वाक्य बोलले. पुन्हा "हं". आता इथपर्यंत आले आहे आणि एकही वाक्य त्याने सोडलेलं नाही. मी थांबले की तो थांबतो, वाट बघतो. आणि मला कळून चुकलंय की अर्ध्यावर सोडून उठता येणार नाही.

पण अर्धं सोडतंय कोण! ऐका उखाबाबा, पूर्ण सांगितली. त्या हिवाळ्यात तुमचे हुंकार मी कापले, यातला एकही कापणार नाही.

संपली गोष्ट. आता मी उठते. कुणी हात देऊ नका, माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत.